थम म्हटल्यावर एक पाऊल

उशिरा येणाऱ्या पोरांचा मला भयंकर राग यायचा. सत्तरच्या दशकात वडूजच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा माझं वय तेवीस. सांगलीत, विश्रामबागेत वाढलेली मुलगी, नवी कोरी पदवी, आणि डोक्यात एकच खूळ, शिस्त. प्रार्थना सुरू झाल्यावर जो येईल त्याने पहिला तास वर्गाच्या दाराबाहेर उभं राहायचं, हा माझा नियम. मग तो पाटलाचा असो नाहीतर पिंजाऱ्याचा. ‘सांगलीची बाई लय कडक हाय’ असं पोरं म्हणतात हे माझ्या कानावर यायचं आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

सहावीतली एक मुलगी रोज उशिरा यायची. रोज म्हणजे रोज. प्रार्थना संपून हजेरीही झालेली असायची, आणि ही धापा टाकत दारात. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले, वेण्या कशातरी बांधलेल्या.

“का उशीर?”

गप्प.

“तोंडाला कुलूप लावून आलीस का?”

“काम असतंय बाई.”

“आम्हाला नाहीत वाटतं कामं? राहा उभी.”

ती उभी राहायची. रडायची नाही, तोंडही वाकडं करायची नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. दाराबाहेरून फळ्यावरची गणितं बघायची आणि दप्तरातली पाटी काढून उभ्या उभ्या सोडवायची. आत बसलेल्या निम्म्या पोरांची उत्तरं चुकायची, तिची नाही.

त्या वर्षी दिवाळीला मी सांगलीला घरी गेले. माझा धाकटा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता. कॉलेजच्या सहलीत त्याने मुंबईला संगणक पाहिला होता आणि त्या दिवसापासून तो जमिनीवर नव्हता. अख्खी खोली भरेल एवढं ते यंत्र, थंड हवेत ठेवलेलं, त्याच्यापाशी जायचं तर चपला बाहेर काढायच्या. देवळासारखंच सगळं. तिथून त्याने रद्दीत टाकलेल्या कार्डांचा एक गठ्ठा आणला होता. पोस्टकार्डापेक्षा लांबट, ताठ कागदाची कार्डं, त्यांना बारीक बारीक चौकोनी भोकं, आणि एक कोपरा तिरका कापलेला. आमच्या आईने त्यांच्या पाठीवर वाणसामानाच्या याद्या लिहायला सुरुवातही केली होती.

“ताई, ह्या कार्डांवर हुकूम असतात,” भाऊ म्हणाला. “एकेक कार्ड म्हणजे एकेक हुकूम. यंत्र ते वाचतं आणि तेवढंच करतं. लोकांना वाटतं यंत्र हुशार आहे. हुशार कसलं! ठार ढ असतं. भिंतीत जा म्हटलं तर भिंतीत जाईल.”

“मग माझ्या पोरांसारखंच की ते.”

“छे! तुझी पोरं न सांगितलेलंही करतात. याचं तसं नाही. काही चुकलं तर चूक यंत्राची नसते, सांगणाऱ्याची असते.”

हे वाक्य मला फार आवडलं. अंगठ्याला ठेच लागली तर दगडाला शिव्या देणारी मी. आई हसून म्हणाली, “हे आधी तू शीक, मग पोरांना शिकव.” मी तो गठ्ठा पिशवीत टाकला आणि वडूजला आले.

शनिवारी सकाळची शाळा असायची, आणि शेवटचा तास मोकळा. त्या तासाला मी यंत्रमानवाचा खेळ सुरू केला. यंत्रमानव म्हणजे वर्गातलंच एक पोर. शिपायाकडून घासलेटचा रिकामा डबा घेतला, तळ आणि कडा कापून, ठोकून, राखेने चारदा घासला तरी वास काही गेला नाही. तो डबा डोक्यावर घालायचा. डोळ्यांना भोकं ठेवली नव्हती, कारण यंत्राला दिसत नसतं. बाकीच्यांनी कार्डांवर हुकूम लिहायचे, ती कार्डं क्रमाने सुतळीत ओवायची, आणि एकाने एकेक वाचत जायचं. यंत्राने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. पोरांनी पहिल्यांदा कार्डं हातात घेतली तेव्हा एक जण म्हणाला, “बाई, हेचा कोपरा उंदरानं खाल्लाय!” झालं, पुढे वर्षभर त्यांना सगळे उंदीरकार्डच म्हणत.

मी हुकूम ठरवले होते: पुढे, उजवीकडे, डावीकडे, थांब. कवायतीचे मास्तर दारात उभे राहून बघत होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा पिळलेल्या. त्यांना ते काही पटलं नाही.

“आवं बाई, ‘थांब’ ह्यो काय हुकूम झाला? असं म्हशीला म्हंत्यात. पोरांना माझी सवय हाय. आगे बढ, दाहिने मूड, बायें मूड, थम!”

म्हटलं, असू दे. हुकूम कळल्याशी कारण. कार्डांवर मास्तरांचे हिंदी हुकूम चढले.

पहिला यंत्रमानव म्हणून वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा निवडला. दारापासून कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठापर्यंत जायचं आणि माठाच्या एक पाऊल अलीकडे थांबायचं. पोरांनी पावलं मोजली, कार्डं लिहिली. डबा घातलेला तो पोरगा ठाण ठाण करत निघाला. “थम!” वाचणाऱ्याने म्हटलं. हा थांबला नाही. माठ फुटला. वर्गभर पाणी.

“थम म्हणजे काय कळतं का तुला? थांबला का नाहीस?”

“थांबलो की बाई!” डब्यातून आवाज आला.

“थांबलो की? मग माठ काय मी फोडला?”

दुसऱ्या पोराला डबा घातला. तोही “थम” म्हटल्यावर भिंतीवर आदळला. तिसराही. प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की थांबलो, आणि बाकीचा वर्ग “व्हय बाई, थांबला की त्यो” म्हणून साक्ष देत होता. माझी खात्रीच झाली की ही कार्टी संगनमताने मला बनवतायत. मी छडी शोधायला लागले. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला.

“बाई, थम म्हटल्यावर एक पाऊल पडतंय.”

तीच ती. शनिवारीही उशिरा आली होती आणि तासामागून तास झाले तरी मी तिला आत घ्यायचं विसरले होते.

“काय म्हणालीस?”

तिने बाहेरच्या पडवीत चालून दाखवलं. स्वतःच म्हणाली, “थम!” त्यावर एक पाऊल पुढे पडलं, दुसरा पाय त्याला येऊन मिळाला, खाड्! मग ती ताठ उभी राहिली. “असं थांबायचं असतं बाई. माझं आबा असंच थांबत्यात. म्हंजे थम एक पाऊल आदी सांगायला पायजे.”

मी कवायतीच्या मास्तरांकडे पाहिलं. ते मिशीतल्या मिशीत हसत होते. “आता ह्यात काय सांगायचं बाई? हे तर शेंबड्या पोराला ठावं हाय.” वडूजच्या पंचक्रोशीत घराआड एक फौजी. इथलं पोर चालायला लागलं की आधी कवायत शिकतं. माहीत नव्हतं ते फक्त सांगलीच्या बाईला. चूक यंत्राची नाही, सांगणाऱ्याची, हे मीच आठ दिवस घोकत होते आणि हातात छडी घेऊन उभी होते. मला हसू आलं, मग वर्ग हसला. तिला मी आत बोलावलं.

त्यानंतर उंदीरकार्डांची मालकीण तीच झाली. तिच्या माळेवर चाललेला यंत्रमानव कशालाही धडकायचा नाही. बाकांच्या रांगांतून, माझ्या खुर्चीला वळसा घालून बरोबर खिडकीशी जायचा. मी खूश होते. पण एका शनिवारी पोरं ओरडली, “आज हिला यंत्र करा बाई!” आणि तिने डबा घ्यायला हात पुढे केला नाही.

“मी न्हाई घालनार.”

“का? वास येतो?”

“न्हाई.”

“सगळ्यांनी घातला. तू कोण लागून गेलीस?”

तेच जुनं कुलूप. मागे कुणीतरी डोळे मिटून, हात पुढे करून चाचपडत चालायची नक्कल करत होतं आणि पोरं खिदळत होती. माझं डोकं सटकलं.

“हुकूम सोडायला पुढं आणि ऐकायची वेळ आली की नाही म्हणायचं? असलं माझ्या वर्गात चालायचं नाही. खेळायचं नसेल तर चालती हो.”

तिने हातातली माळ टेबलावर ठेवली. नीट, गुंता होऊ न देता. बाहेर गेली आणि रोजच्या जागी जाऊन उभी राहिली.

शाळा सुटल्यावर कवायतीचे मास्तर माझ्यापाशी आले. एरवी मोठ्याने बोलणारा माणूस, पण आवाज खाली होता. “बाई, तुमाला कुनी सांगितलं न्हाई वाटतं. तिचा बा माझ्याच पलटणीतला. लढाईत सुरुंग फुटला, दोनी डोळं गेलं. तीन वर्सं झाली, एकला घराच्या भाईर न्हाई माणूस. काठी दिलीया इस्पितळानं, ती खुंटीला. आय दिस उगवायला दुसऱ्याच्या रानात कामाला जाती. मग सकाळी परसाकडं न्यायला ही पोरच. हात धरून ओढ्यापल्याड न्हेती, लांब उभी ऱ्हाती, परत आनती. त्यात त्यो मानी. वाटंवर कोन बी नसलं तरच निघतो. वाट मोकळी व्हायला येळ लागतो, मग हिला शाळंला उशीर.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सहा महिने मी त्या पोरीला दाराबाहेर उभं केलं होतं. आणि ती तोंड का उघडत नव्हती? काय सांगणार होती ती चाळीस पोरांसमोर? बापाला परसाकडं नेत होते म्हणून? तिने बापाची लाज राखली होती. मी वर तिला डबा घालायला लावत होते, आंधळ्याचं सोंग करून दाखव म्हणून.

तिची माफी मागितली का मी? नाही मागितली. त्या काळी बाई पोरांची माफी मागत नसत. निदान मी तरी तेवढी मोठी नव्हते. सोमवारी ती दारात आली तेव्हा फक्त म्हटलं, “इथून पुढं उशीर झाला तर सरळ आत येऊन बसायचं.” तिने मान डोलावली. मधल्या सुट्टीत टेबलाशी आली.

“बाई, थोडी कार्डं घरी न्हेऊ?”

“कशाला?”

“असंच.”

मी मूठभर दिली. वीस-पंचवीस असतील. जास्त विचारलं नाही आणि मला वाटलं मी मोठी समजूतदार झाले.

पुढच्या आठवड्यात एक दिवस ती शाळेत आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिची आई शाळेच्या पायरीवर येऊन उभी राहिली. थेट रानातून आलेली, डोक्याला फडकं, हाताला चिकटलेली माती.

“आवं बाई, काय शिकवलंसा माझ्या पोरीला?”

झालं होतं असं. पोरीने घरापासून ओढ्यापल्याडपर्यंतची वाट मोजली होती, पाऊल पाऊल. कार्डं लिहिली होती. ‘आबा, तुमी एकट्यानं चला, मी मागनं नुसतं वाचते, हात धरत न्हाई’ असं बापाच्या चार दिवस मागे लागली. बाप शेवटी पोरीच्या हट्टाला भुलला. निघाला. पोर मागून हुकूम वाचतेय, हा चालतोय, पाठ ताठ. पहिल्या वळणाचा हुकूम यायच्या आधीच तो वळण ओलांडून सरळ शेजाऱ्याच्या उकिरड्यात. कमरेपर्यंत. तेवढ्यात नळावर बायका आल्या, पाण्याला. हसल्या. हसू नये, पण हसल्या. तेव्हापासून माणूस बोलत नव्हता की जेवत नव्हता. पोर कोपऱ्यात बसून होती.

“आता शाळा बास,” आई म्हणाली. “संक्रांतीपतुर नाव ऱ्हाऊ द्या, मग काढून टाका. तसं बी पुढच्या वर्साला काढनारच हुतो. बापाला धरायला कोन पायजे का नगं? मी रानात जाऊ का हेस्नी धरू?” आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. “लय हुशार हाय वं माझी पोर. पर करू काय?”

 शाळा सुटल्याबरोबर मी तिच्या घरी गेले. ऊन अजून होतं. बाप अंगणातल्या बाजेवर बसला होता. इस्त्री केलेला सदरा, दाढी केलेली, पाठ सरळ. पोर उंबऱ्यात.

“कोन हाय?”

“मी शाळेतली बाई.”

 “बसा. तुमचं यंत्र उकिरड्यात पडलं बगा.”

 मी म्हटलं, “दादा, पोरीला रागावू नका. खेळ मी शिकवला.” आणि मग भावाने सांगितलेलं सगळं सांगत सुटले, मुंबईची ती खोली, थंड हवा, चपला बाहेर काढायच्या ते. त्याने हात पुढे केला. मी पिशवीतलं एक कार्ड हातात दिलं. तो बोटांनी भोकं चाचपत राहिला, कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिला.

“म्हंजे सांगितलं तेवढंच करायचं. सोताचं डोकं चालवायचं न्हाई.”

“हो.”

“आमच्यात त्याला रंगरूट म्हंत्यात. नवा भरती झालेला.” त्याने तोंड उंबऱ्याकडे वळवलं. “पोरी, हिकडं ये. पावलं कुनाची मोजलीस?”

“माझी.”

“तुझं पाऊल केवढं, माझं केवढं?”

 मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“फौजी पाऊल तीस इंच. झोपंत चाललो तरी तीसच पडतंय. चाळीस पावलं म्हनलीस, मी चाललो चाळीस. उकिरडा तर येनारच!” आणि तो हसला. आत चुलीपाशी भांड्याचा आवाज होत होता तो बंद झाला. तिची आई दारात आली, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. “रंगरूटाची चूक नसती गं,” तो म्हणाला. “हुकूम देनाऱ्याची असती.”

तोवर हे एकटे जायला लागले तर पोरीचं नाव काढायचं नाही, असं म्हणून मी संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली. आई म्हणाली, “बगा. तवर बगा.”

त्या रविवारी सकाळी मी आणि ती पोर तीस इंचांची काठी घेऊन निघालो. जमिनीवर काठी ठेवायची, टोकाशी रेघ मारायची, पुन्हा ठेवायची. मी पदर खोचून धुळीत वाकलेली. नळावरच्या त्याच बायका.

“बाई, रस्ता इकत घेताय काय?”

“हो, तुम्हाला चालायला द्यायचा नाही म्हणून!” मी म्हटलं. उकिरड्याचं हसू माझ्या डोक्यात होतं. त्या ओशाळल्या. मग त्यांतल्याच एकीने वाटेत आडवी आलेली बोराटी उचलून बाजूला टाकली, आणि दुसरी म्हणाली, “उकिरडा सरकवायला सांगते मी आमच्या ह्यास्नी.”

लिहिलेली कार्डं बापाला काय उपयोगाची? मागून कुणी वाचायला नको होतं त्याला. मग पोरीने युक्ती काढली. जुन्या भोकांची कार्डं बाजूला ठेवली आणि भावाच्या गठ्ठ्यातली काही कोरी निघाली ती घेतली. दहा पावलांना खिळ्याचं मोठं भोक, एका पावलाला दाभणाचं बारीक. उंदराने खाल्लेला कोपरा डाव्या अंगठ्याखाली आला तर बायें मूड, कार्ड पालथं ओवून उजव्या अंगठ्याखाली आला तर दाहिने मूड. बापाने बोटांनी वाचायचं आणि स्वतःच स्वतःला हुकूम द्यायचा. थमचं पाऊल तिने प्रत्येक ठिकाणी आधीच वजा केलं होतं.

एक गोष्ट मात्र मला अजून आठवते आणि अजून नवल वाटतं. माणूस कितीही मोजून चालला तरी थोडा तिरका जातोच. ओढ्याच्या उतरणीला ते परवडणारं नव्हतं. तिथे एक बाभूळ होती. पोर म्हणाली, “बाई, हितं आबांनी हात करायचा. खोड लागलं तर पुढं जायचं. न्हाई लागलं तर एक पाऊल बायें सरायचं आन परत हात करायचा.” हे मी शिकवलं नव्हतं. भावाने यातलं काहीतरी सांगितलं होतं, पण मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या कार्डाला तिने सुतळीची गाठ मारली, म्हणजे बोटाला लगेच कळावं.

माळ तयार झाली. बापाने ती हातात घेतली, दोनदा शेवटापर्यंत चाचपली आणि म्हणाला, “ठीक. आता कुनी माझ्या मागं लागायचं न्हाई. कवा जायाचं ते मी ठरवनार.”

दिवस जायला लागले. पोर शाळेत यायला लागली होती, पण उशिराच. सरळ आत येऊन बसायची. मी नजरेने विचारायची, ती मानेने नाही म्हणायची. आबा अंगणात रोज चालत्यात, म्हणाली. माळ उशाशी घेऊन झोपत्यात. पण एकट्याने फाटकाच्या बाहेर पाऊल नाही. संक्रांत आठ दिवसांवर आली.  एकदा वाटलं, जाऊन बापाला चार शब्द सुनवावेत. कवायतीच्या मास्तरांनी अडवलं. “बाई, ऱ्हावा. माणसाला येळ द्या.”

मग एक दिवस ती मधल्या सुट्टीत चेहरा पाडून आली.

“बाई, जायाचं समदं लिवलं. यायचं न्हाई लिवलं.”

खरंच की! आम्हा दोघींच्या ध्यानात आलं नव्हतं. बापाने विचारलं होतं, ‘पोरी, गेल्यावर काय तिथंच बसू का?’ तो अडला होता तो त्याच्यावर, आणि सांगायला त्याला लाज वाटत होती.

तो प्रश्न मी वर्गापुढे ठेवला. कुणासाठी ते सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. एवढ्याशा गावात काय लपतं? पोरं म्हणाली, सोपं हाय, माळ शेवटाकडनं वाचायची. बाकांमध्ये वाट आखली. डबा टेबलावर होता. मी काही बोलायच्या आत ती पुढे आली आणि तिने स्वतः तो डोक्यावर घातला.

 ती निघाली. पहिल्या वळणाला चुकली आणि बाकावर आदळली, डबा खणकन वाजला. एकही पोर हसलं नाही. “परत येताना उजवं ते डावं हुतंय!” तो माठ फोडणारा दांडगा पोरगा ओरडला. “बाई, कार्डं उलटी ओवा!” सगळी पोरं टेबलाभोवती जमली. ओवली. दुसऱ्यांदा ती बाकांतून वळत वळत आली आणि दाराशी, तिच्या त्या जुन्या जागेच्या बरोबर अलीकडे, खाड् करून थांबली. डबा काढला तेव्हा तिचं तोंड घामाने भिजलं होतं आणि घासलेटचा वास येत होता.

परतीची माळ तिने लाल सुतळीत ओवली, मग म्हणाली, “आबांना लाल काय कळनार!” आणि एका टोकाला चिंचोका बांधला.

संक्रांतीला दोन दिवस होते. सकाळी प्रार्थनेला मी रांगा बघत उभी होते. सहावीच्या रांगेत तिसरी ती. वेण्या घट्ट, पाय धुतलेले, धाप नाही.  प्रार्थना संपल्यावर पोरं वर्गाकडे निघाली तशी मी तिला बाजूला घेतलं.

“आज वेळेवर?”

“व्हय बाई.”

“आबा?”

“गेलं. पहाटंचंच गेलं, मी निजली हुती. काठी बी न्हेली खुंटीवरची. आय जागी हुती, तिनं बघितलं. पर हाक न्हाई मारली.”

“आणि?”

“आलं की परत. अंगनात आल्यावर सोताला म्हनलं थम, आन पाय आपटला, खाड्! त्या आवाजानंच मला जाग आली बाई.”

मी तिला वर्गात जा म्हटलं. फाटकाशी उशिरा आलेली तीन पोरं खालमानेने शिक्षेची वाट बघत उभी होती. मी त्यांना काहीच बोलले नाही, तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि घाबरली. कडक बाईला रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.